ओ-टू बंद करू नकोस, बायनरी उघडून बघ

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला, कोडही पूर्ण बघितला. पहिली गोष्ट म्हणजे ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड वेगवान करणं) बंद करून प्रोजेक्ट सबमिट करायचा विचार डोक्यातून काढ. रत्नागिरीच्या लॅबमध्ये ओ-झिरोला, म्हणजे ऑप्टिमायझेशन न करता, तुझ्या ॲलोकेटरचे (मेमरीत जागा वाटून देणाऱ्या कोडचे) पत्ते दर रनला हवे तसे वेगळे येतात आणि क्लँग या कंपायलरच्या ओ-टूने, म्हणजे ऑप्टिमायझेशन चालू ठेवून, बिल्ड केलं की तेच तेच पत्ते परत दिसतात, म्हणून कंपायलरमध्ये बग आहे असं तू लिहिलंयस. कंपायलरमध्ये नाही गो, तुझ्या सीडच्या, म्हणजे रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणाऱ्या, फंक्शनमध्ये आहे.

तिथे तू पीआयडी (चालू प्रोग्रॅमचा नंबर) घेतलास, वेळ घेतलीस, आणि त्यांच्याबरोबर एक लोकल व्हेरिएबल घेतलंस ज्याला काहीच व्हॅल्यू दिलेली नाही, कारण स्टॅकवरचा (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतला) कचरा म्हणजे फुकटचा रँडमनेस असं तुला वाटलं, आणि तिन्ही एक्सऑर केलेस, म्हणजे बिट-बिट एकात एक मिसळलेस. आता कंपायलरच्या बाजूने बघ. अशा व्हेरिएबलची व्हॅल्यू वाचली तर काय मिळेल याची सी स्टँडर्ड काही हमी देत नाही, म्हणजे तो आकडा काहीही धरता येतो, मग एक्सऑरचं उत्तरही काहीही धरता येतं, मग पीआयडी आणि वेळ मिसळायचे कष्ट घ्यायचे कशाला? अख्खा हिशोबच तो उडवून टाकतो. नुसता कचरा गेला असता तर चाललं असतं, इथे कचऱ्याबरोबर खरा माल पण गेला. हे फक्त तुझ्याच बाबतीत झालंय असं समजू नकोस, फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सी लायब्ररीत रँडम सीड करणाऱ्या फंक्शनमध्ये हुबेहूब असंच जंक व्हेरिएबल होतं आणि शी वांग नावाच्या संशोधकाने 2012 साली दाखवून दिलं की क्लँगने बिल्ड केलं की पीआयडी आणि वेळ मागवले जातात पण वापरलेच जात नाहीत.

उपाय सोपा आहे, गेटरँडम वापर. लिनक्समध्ये 3.17 पासून, म्हणजे 2014 पासून ती सिस्टिम कॉल आहे, कर्नलकडून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून) थेट रँडम आकडे मिळतात, स्टॅक चाचपडायची गरजच नाही.

पण म्हणून दिसेल ती विचित्र ओळ पुसून टाकू नकोस हं. डेबियन या लिनक्समध्ये 2006 साली ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या कोडमधल्या दोन ओळी काढल्या गेल्या कारण व्हॅलग्रिंड हे मेमरी तपासणारं टूल त्यांच्याबद्दल तक्रार करत होतं, आणि त्यातल्या एकीतून खरी एन्ट्रॉपी (अंदाज न लागणारा माल) आत जात होती. 2008 मध्ये उघडकीस आलं तोपर्यंत त्या मशीन्सवर बनलेल्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांमध्ये फरक पडायला जवळपास फक्त पीआयडीच उरला होता, म्हणजे एका प्रकारच्या किल्लीला 32,768 शक्यता, एका दुपारी सगळ्या बनवून ठेवता येतील इतक्या.

आता तुझा खरा प्रश्न, की एएसएलआर, म्हणजे हल्लेखोराला पत्ता कळू नये म्हणून दर रनला प्रोग्रॅम मेमरीत वेगळ्या जागी हलवणं, चालू आहे हे कळायचं कसं. प्रॉक खालचं रँडमाईज-व्हीए-स्पेस हे कर्नलचं सेटिंग दोन, म्हणजे पूर्ण चालू, दाखवतंय म्हणून तू निर्धास्त आहेस, ते पुरत नाही. कर्नल हलवायला तयार असला तरी प्रोग्रॅम हलण्याजोगा बनवायचं काम कंपायलर आणि लिंकरचं. रीडएल्फ या टूलने फाईलचा हेडर बघ, टाईप डीवायएन (हलणारा) हवा, ईएक्सईसी (पत्ता ठरलेला) दिसला तर लायब्ररी, स्टॅक हलतील पण तुझा स्वतःचा कोड एकाच जागी बसून राहील. विंडोजवर तर 2018 मध्ये याहून वाईट निघालं, मिंगडब्ल्यू-डब्ल्यू64 या कंपायलर संचाने बनवलेल्या फाईलवर डायनॅमिक बेसचा, म्हणजे हलवता येते असा, शिक्का असायचा पण हलवायला लागणारा रिलोकेशन टेबल डिफॉल्टने काढून टाकलेला, त्यामुळे तपासणारं टूल म्हणायचं एएसएलआर आहे आणि प्रत्यक्षात फाईल ठरलेल्याच पत्त्यावर लोड व्हायची. मला हा प्रकार सगळ्यात घातक वाटतो, कारण शिक्का बघून माणूस पुढे बघतच नाही.

आणि एएसएलआरला मारणारा, वेगासाठी केलेला बदल कंपायलरमध्येच असेल असं पण नाही. लिनक्स 5.18 पासून ext4 सारख्या फाईल सिस्टिमवरच्या मोठ्या फाईली 2 एमबीच्या हद्दीवर मॅप व्हायला लागल्या, म्हणजे मोठी पेजेस (मेमरीचे तुकडे) वापरता येतात आणि पत्त्यांचं भाषांतर पटापट होतं. होडी खाडीत कुठेही लावता येते, मोठ्या ट्रॉलरला मात्र जेटीवरच्या मोजक्याच जागा, तसंच इथे झालं. साधं पेज 4 केबीचं, म्हणजे खालचे 12 बिट ठरलेले, 2 एमबीला 21 ठरलेले, नऊ बिट गेले. 64 बिटमध्ये लायब्ररीला हलायला 28 बिट मिळायचे त्याचे 19 झाले, 26,84,35,456 जागांच्या ऐवजी 5,24,288. 32 बिटमध्ये मुळात होतेच आठ, तिथे 2 एमबीहून मोठ्या लिबसीला (सी लायब्ररीला) शून्य उरले, दर वेळी तोच पत्ता! जानेवारी 2024 मध्ये हे बाहेर आलं आणि 32 बिटवरची ती सक्ती लगेच काढली गेली, पण उद्या कुठल्या पतपेढीत जुनं 32 बिटचं सॉफ्टवेअर दिसलं तर कर्नल कुठला आहे ते आधी विचार, आणि कर्नल बदलता येत नसेल तर एमएमॅप-आरएनडी-कॉम्पॅट-बिट्स हे कर्नलचं सेटिंग आठावरून 16 करून घे, 64 बिटसाठी त्याचंच भावंड 28 वरून 32 होतं.

पॅडिंगबद्दल विचारलं होतंस, थोडक्यात सांगतो. स्ट्रक्चरमध्ये चार बाईटचा आकडा आणि पुढे आठ बाईटचा पॉईंटर असेल तर मध्ये चार बाईट रिकामे राहतात, सगळ्या मेंबरना व्हॅल्यू दिल्या तरी कंपायलर ते भरायला बांधील नाही, आणि कर्नलने ते स्ट्रक्चर जसंच्या तसं युजरला कॉपी केलं की स्टॅकवर आधी पडलेल्या पॉईंटरचे बाईट त्यातून बाहेर जातात. एक्स86-64 (नेहमीचे 64 बिटचे प्रोसेसर) वर कर्नलला 1 जीबीत 2 एमबीच्या टप्प्याने जेमतेम 512 जागा आहेत आणि तो अख्खा एकत्र सरकतो, म्हणून ओळखीच्या जागेचा एक पत्ता फुटला की सगळाच उघडा पडतो. ऑटो व्हेरिएबल शून्य करून देणारा फ्लॅग जीसीसी या कंपायलरमध्ये 12 पासून आहे, कर्नल बिल्ड करताना तो चालू ठेव.

तर आता हे कर. ओ-टूचं बिल्ड ऑब्जडम्प या टूलने उघड आणि सीडच्या फंक्शनमध्ये पीआयडीचं उत्तर कुठल्या रजिस्टरमध्ये येतं आणि पुढे कोणी वाचतं का ते बोट ठेवून बघ, असेंब्लीला घाबरू नकोस, ते वीस-पंचवीस ओळींचं काम आहे. मग प्रोग्रॅम हजार वेळा चालवून प्रॉक खालच्या मॅप्स फाईलमधले बेस पत्ते गोळा कर आणि कुठला बिट कधीच बदलत नाही ते शोध. जीसीसी आणि क्लँग दोन्हींवर कर, दुरुस्तीच्या आधी आणि नंतर, आणि रिपोर्टमध्ये ओ-झिरोचे आकडे पण ठेव, तुझ्या गाईडना फरक तिथेच दिसेल.

गणपतीच्या आधी आउटपुट पाठवलंस तर बरं, मालवणला घर भरलं की मला लॅपटॉप उघडायला जमणार नाही.

तुझा
काका