चाळिशीनंतर समाजशास्त्राची पदवी: धारूरच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, धारूर तालुक्यात अंगणवाडी सेविकेचे काम सांभाळून, बारावीनंतर वीस वर्षांनी समाजशास्त्र घेऊन बी.ए. करावे का आणि जे रोज डोळ्यांनी पाहते तेच पुस्तकात पुन्हा कशाला वाचायचे, असे आपण विचारले आहे. पदवी अवश्य करावी. दुसऱ्या शंकेचे उत्तर मात्र सविस्तर द्यावे लागेल, कारण प्रौढ विद्यार्थ्यांचे गुण नेमके तिथेच जातात.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांचा आत्महत्येवरील ग्रंथ १८९७ साली प्रसिद्ध झाला. हा भाग आला की आपल्याकडचे विद्यार्थी नापिकी, सावकार आणि शेजारच्या गावातील एखादी घटना यांवर पाने भरतात. ते लिखाण कळकळीचे असते, पण उत्तर नसते. अमुक माणसाने असे का केले हा प्रश्न बाजूला ठेवून, निरनिराळ्या समाजगटांत आत्महत्यांचे प्रमाण वेगवेगळे का असते, हे दुर्खीम यांनी विचारले आणि त्याचे कारण सामाजिक एकात्मता (माणूस गटाशी किती बांधलेला आहे) व नियमन (समाजाचे नियम त्याच्या इच्छांना किती आवर घालतात) यांत शोधले. ही मांडणी आधी लिहावी, मगच मराठवाड्याचे उदाहरण द्यावे. भारतीय समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या प्रभुत्वशाली जातीच्या, म्हणजे गावावर वरचष्मा असणाऱ्या जातीच्या, संकल्पनेचेही तसेच आहे: संख्याबळ, जमीन, राजकीय वजन हे निकष न सांगता केवळ गावातले राजकारण रंगवले, तर ते पारावरचे बोलणे होते.

आपल्या अनुभवाचे मोल खरे कळते ते कुटुंबसंस्थेच्या अभ्यासात. ऊसतोडीला जाताना मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो; म्हणजे तिथे विवाह हा श्रमाचाही करार ठरतो आणि हंगामाच्या तोंडावर कमी वयात मुलींची लग्ने का उरकली जातात, याचा एक धागा हाती लागतो. दिवाळीच्या सुमारास अंगणवाडीच्या पटावरची किती मुले फडावर जातात, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? प्रकल्पात मात्र नोंदवहीतील नावे कधीही उतरवू नयेत, आणि माहिती वापरायची तर संबंधितांची व कार्यालयाची परवानगी घ्यावी.

शिक्षणासाठी नोकरी सोडण्याचे कारण नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. त्याची विभागीय केंद्रे छत्रपती संभाजीनगर व नांदेड येथे असून अभ्याससाहित्य मराठीत मिळते. विद्यापीठ कोणतेही निवडले, तरी त्या सत्रासाठी त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत स्वतः पाहावे. एजंटाच्या शब्दावर पैसे भरू नयेत. मुख्यसेविका (अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका) पदासाठी ही पदवी उपयोगी पडू शकते, पण वयाची व सेवेची अट त्या-त्या वेळच्या जाहिरातीतच पाहावी.

बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत अर्ज भरण्यापूर्वीच तयार ठेवा. आपल्यासारख्या अनेक जणींचे प्रवेश अभ्यासामुळे नव्हे, तर या एका कागदामुळे रखडतात.