मायकोरायझासोबत गूळ द्यावा का? संत्र्याच्या मुळातील बुरशी साखर कोठून घेते आणि कोठे साठवते

आपला प्रश्न असा आहे की, संत्र्याच्या बागेत मायकोरायझाची, म्हणजे झाडाच्या मुळात राहून त्याच्याशी देवाणघेवाण करणाऱ्या बुरशीची, भुकटी देताना सोबत गूळ विरघळवून आळ्यात ओतावा, म्हणजे बुरशी झपाट्याने वाढते, असे आपल्याला सांगण्यात आले आहे. तर ही बुरशी तो गूळ खरोखर खाते काय, आणि झाडाकडून साखर घेत असेल तर ती अंगात कोठे व कोणत्या रूपात ठेवते? मी वरुड तालुक्यात अनेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले आहे आणि घरची संत्र्याची बागही सांभाळली आहे. हा प्रश्न मला वर्गात जितक्या वेळा विचारला गेला, त्याहून अधिक वेळा बांधावर विचारला गेला, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी गुळाचे सांगतो. संत्र्याच्या मुळात राहणाऱ्या बुरशीला गूळ मिळत नाही. गुळात मुख्यतः सुक्रोज, म्हणजे उसाची साखर असते. ती वापरायची तर प्रथम तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करावे लागतात. हे काम इन्व्हर्टेज नावाचे विकर (एन्झाइम) करते आणि नेमके तेच या बुरशीकडे नाही. या गटातील सर्वाधिक अभ्यासलेली जात म्हणजे ऱ्हायझोफॅगस इर्रेग्युलॅरिस. तिचा जनुकसंच २०१३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात सुक्रोज फोडणारे असे जनुक सापडले नाही. शिवाय मुळाबाहेर मातीत पसरलेले तिचे तंतू आयते ग्लुकोज दिले तरी ते फारसे उचलत नाहीत. मातीत तिचे काम स्फुरद (फॉस्फरस), जस्त आणि पाणी गोळा करण्याचे आहे. जेवण मात्र ती मुळाच्या आतच करते.

त्या जेवणाचा मार्ग असा. पानात तयार झालेली साखर सुक्रोजच्या रूपात रसवाहिन्यांतून खाली मुळापर्यंत येते. मुळाच्या सालीतील पेशी स्वतःच्या विकरांनी ती फोडतात आणि सुटे झालेले ग्लुकोज पेशीच्या भिंतीलगतच्या बारीक फटीत सोडले जाते. तेथे बुरशीच्या पटलावरील वाहक प्रथिने ते उचलून घेतात. म्हणजे साखर फोडणारे विकरही झाडाचे, आणि किती सोडायची हा निर्णयही बऱ्याच अंशी झाडाचाच. झाडाने पानात बनवलेल्या एकूण अन्नापैकी साधारण ४ ते २० टक्के कर्ब या भागीदाराकडे जातो, असे निरनिराळ्या पिकांवरील मोजमापे सांगतात. हा खर्च लहान नाही. जंभेरी लिंबाच्या खुंटावर कलम केलेल्या संत्र्याच्या मुळांना केसमुळे फार कमी आणि आखूड असतात, आणि आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद चुन्याशी बांधला जाऊन बसतो. म्हणून झाड हा खर्च करते.

आता साठवणुकीकडे येतो, कारण आपल्या प्रश्नाचा सर्वांत रंजक भाग तोच आहे. आत आलेले ग्लुकोज बुरशी तसेच मोकळे ठेवत नाही. सुट्या ग्लुकोजचे प्रमाण आत वाढले, तर बाहेरून आत येणारा ओघ मंदावेल, आणि विरघळलेल्या साखरेमुळे पेशीत पाणी ओढले जाऊन ताण वाढेल तो निराळाच. म्हणून ती ग्लुकोजचे दोन रेणू एकमेकांना उलटे जोडून ट्रेहॅलोज नावाची शर्करा तयार करते, आणि हजारो रेणू एकाच फांद्याफांद्यांच्या गठ्ठ्यात बांधून ग्लायकोजन बनवते. आपल्या यकृतात साठते तेच हे ग्लायकोजन. अंगणात पसरलेली ज्वारी कणगीत भरली की ती जागाही थोडी घेते आणि पाखरांच्या तोंडीही लागत नाही, तसाच हा प्रकार आहे. ट्रेहॅलोज मात्र केवळ साठा नव्हे. पाणी कमी पडले की ही शर्करा पेशीतील प्रथिने आणि पटले यांना आधार देऊन त्यांची मोडतोड होऊ देत नाही, आणि पुन्हा ओल आली की ट्रेहॅलेज हे विकर तिचे परत ग्लुकोज करते. ही शर्करा प्रथम सापडली तीही बुरशीतच, १८३२ साली, राय धान्यावरील अरगट या रोगकारक बुरशीतून.

झाड आणि बुरशी यांच्यातील साखरेच्या या व्यवहाराचा पाया घालणारे काम संत्र्यावर झाले नाही. ते युरोपातील बीच वृक्षावर झाले. डेव्हिड लुइस आणि जॅक हार्ले या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९६५ साली बीचच्या मायकोरायझायुक्त मुळ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. मुळीला दिलेली साखर तिच्याभोवतीच्या बुरशीच्या आवरणात जाऊन ट्रेहॅलोज, मॅनिटॉल आणि ग्लायकोजन या रूपांत साठते, आणि ही रूपे झाडाला सहजासहजी परत वापरता येत नाहीत, असे त्यांना आढळले. एकदा नाणे बदलले की व्यवहार एकाच दिशेने होतो, हे मला आजही त्या कामातील सर्वांत सुंदर निरीक्षण वाटते. बीच, पाइन, साल यांच्या मुळांवरील बुरशी बाहेरून आवरण घालते आणि पेशींच्या आत शिरत नाही. बस्तरच्या सालवनात पावसाळ्याच्या सुरुवातीला निघणारा बोडा हे अशाच एका बुरशीचे फळ आहे. संत्रा, सागवान, आंबा, कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या मुळांतील बुरशी निराळी असते. ती थेट पेशीत शिरून झुडपासारखी फांदते, आणि तिचे टेकोडे (अळंबी) जमिनीवर कधीच उगवत नाहीत.

या दुसऱ्या प्रकाराची खरी कोठारे पाहिली तर तेथे साखरेपेक्षा तेल अधिक आढळते. मुळाच्या आत तिचे जे फुगीर गोल पुटके असतात, ते आणि मातीतील बीजाणू हे दोन्ही तेलाच्या थेंबांनी गच्च भरलेले असतात. ग्रॅममागे तेलात साखरेच्या दुपटीहून अधिक ऊर्जा असते, म्हणून महिनोन्‌महिने मातीत वाट पाहणाऱ्या बीजाणूसाठी हीच शिदोरी सोयीची. बुरशी झाडाच्या साखरेपासून हे तेल स्वतः बनवते, असे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवत आलो. परंतु स्वतःची मेदाम्ले घडवणारी बुरशींची नेहमीची यंत्रणाच तिच्याकडे नाही, असे पुढे दिसून आले. आणि २०१७ साली एकापाठोपाठ प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवून दिले की झाड तिला साखरेबरोबर १६ कर्बांची तयार मेदाम्लेही पुरवते. ते वाचल्यावर मी माझी जुनी टिपणे बदलली. मुळात मिळालेले तेल आणि ग्लायकोजन तंतूंमधून वाहत बाहेर मातीतील जाळ्यापर्यंत जाते, आणि तेथे बुरशी तेलातील काही भागाची पुन्हा शर्करा करून तंतूंच्या नव्या भिंती बांधते. बीजाणू रुजतो तेव्हाही हाच उलटा व्यवहार होतो. मात्र मूळ सापडले नाही, तर शिदोरी पूर्ण संपण्याच्या आधीच तो वाढ थांबवतो.

मग गुळाचे पाणी आळ्यात ओतल्यावर काय होते? तो गूळ जिवाणू, यीस्ट आणि मातीत सुटेपणी जगणाऱ्या बुरशी खातात. जीवामृतात गूळ घालतात तो याच कारणाने, आणि तेथे तो योग्यच आहे; ट्रायकोडर्मा या मातीत सुटेपणी जगणाऱ्या उपयुक्त बुरशीलाही तो चालतो. मी स्वतः तीन हंगाम मायकोरायझासोबत गूळ दिला होता. झाडाभोवती आंबूस वास आणि मुंग्यांच्या रांगा एवढेच नजरेस पडले. शेजारच्या विनागुळाच्या ओळीतील मुळे तपासली, तेव्हा दोन्हींकडील बुरशीत मला काही फरक दिसला नाही. ते शास्त्रशुद्ध प्रयोग नव्हते, परंतु वर सांगितलेल्या कारणांशी ते जुळतात.

या बुरशीला खाऊ घालायचे असेल तर ते पानांतूनच घालावे लागते. काळ्या माशीच्या चिकट स्रावावर कोळशी (काळी बुरशी) वाढून पाने काळी झाली की साखर बनणेच घटते आणि मुळाकडे येणारा वाटा आक्रसतो. म्हणून काळ्या माशीचा वेळीच बंदोबस्त करणे हे बुरशीच्याही हिताचे आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी बोलत नाही. डीएपीचा भरमसाट मारा केला तर झाडाला स्फुरद आयता मिळतो आणि ते बुरशीचा पुरवठा आखडते, म्हणून माती परीक्षणाप्रमाणेच मात्रा द्यावी. खोडाजवळ खोल वखरणी टाळावी, कारण वखराचे पाते त्या जाळ्याचे तुकडे करते. ओळींमध्ये मूग किंवा ताग घेतल्यास बुरशीला जादा यजमान मिळतात. मोहरी किंवा राजगिरा यांच्या मुळांत ती सहसा वस्ती करत नाही. मायकोरायझाची भुकटी कोवळ्या पांढऱ्या मुळीला लागेल अशी द्यावी, आणि त्यासाठी रोपवाटिकेची किंवा कलम लावतानाची वेळ सर्वांत चांगली. कारण बीजाणूची शिदोरी मोजकी असते आणि तिला जवळ मूळ हवे असते.

आपल्या बागेतील बुरशी प्रत्यक्ष पाहायची इच्छा असेल तर जवळच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जावे. बारीक मुळ्या धुऊन १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळाव्यात (हे द्रावण कातडी जाळते, म्हणून हातमोजे घालून आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच), नंतर पाण्यात स्वच्छ धुऊन पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ टक्के काळी शाई मिसळून त्यात सुमारे तीन मिनिटे उकळाव्यात. संत्र्याची मुळी गडद असल्याने पहिले उकळणे जरा जास्त वेळ करावे लागते. सूक्ष्मदर्शकाखाली मुळीच्या लांबीने धावणारे तंतू आणि त्यांना लागलेले गोल, गडद पुटके दिसतील. आपल्या झाडाच्या पानांनी पाठवलेले अन्न तेल होऊन साठते, ते त्याच पुटक्यांत.