मुरुमांवरचं अँटिबायोटिक जेल किती दिवस लावायचं? आधी फरक पडला, आता लावत असूनही परत येताहेत

तुम्ही लिहिलंय की मेडिकलमधून क्लिंडामायसिन जेल आणलं, पहिल्या महिन्यात चेहरा छान झाला, आता चार महिने होत आले आणि रोज लावूनही हनुवटीवर, गालावर परत पुळ्या येताहेत. तर दोनाऐवजी तीनदा लावू का, की घरात सोफ्रामायसिन आहे ते लावून बघू. आणि जाता जाता हेही सांगितलंय की धाकटा भाऊ तुमचीच ट्यूब वापरतो.

आधी सरळ उत्तर देते. तीनदा लावू नका, सोफ्रामायसिन नको, आणि हे जेल एकटंच लावणं आता बस करा. मी स्किनची डॉक्टर नाही, फार्मसी करून कोल्हापुरात मेडिकलच्या काउंटरला उभी असते, पण हा प्रश्न इतक्या वेळा समोर येतो की माणूस दारातून आत येतानाच ओळखता येतं. हातात शेवटच्या टोकाकडून घट्ट गुंडाळत आणलेली ट्यूब असते, नाव बोटांनी पुसून गेलेलं, आणि वाक्य ठरलेलं, "हीच द्या, गुण आला होता." एक्स्पायरी त्या गुंडाळलेल्या टोकावरच छापलेली असते, त्यामुळे ती कोणी बघितलेलीच नसते. तुमचीही आता उलगडून बघा आधी.

गुण आला होता आणि आता येत नाही, असं का होतं ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं पटेल. मुरुम होतो त्यात चार गोष्टी एकत्र येतात: तेल जास्त सुटतं, छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या त्वचेचं बूच बसतं, आत बॅक्टेरिया वाढतात आणि मग सूज येऊन पू होतो. बॅक्टेरियाचं नाव क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस, 2016 पर्यंत त्याला प्रोपिओनीबॅक्टेरियम म्हणायचे, जुन्या माहितीत तेच दिसेल. क्लिंडामायसिन या बॅक्टेरियाला प्रोटीन बनवू देत नाही, वाढ थांबते, थोडी सूजही उतरते. बस एवढंच. तेल कमी करत नाही, बूच काढत नाही, काळ्या टोकाच्या बारीक पुळ्यांना हातही लावत नाही. म्हणजे कारखाना चालूच आहे आणि तुम्ही फक्त एका कामगाराला घरी बसवलंय. आणि त्यातही जे बॅक्टेरिया या औषधाला दाद देत नाहीत तेवढे मागे राहतात आणि तेच वाढतात, मग तीनदा लावा नाहीतर पाचदा, दाद न देणाऱ्याला जास्त लावून काय होणार.

म्हणूनच आता कुठल्याच गाइडलाइनमध्ये अँटिबायोटिक जेल एकटं लावायला सांगत नाहीत. इंग्लंडच्या नाइसची, म्हणजे तिथे उपचारांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची, 2021 ची असो की अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजीची 2024 ची, दोन्हीत हे स्पष्ट आहे की सोबत दुसरं काहीतरी हवंच. आणि त्यात सगळ्यात चांगली जोडी बेंझॉइल पेरॉक्साइडची. ते अँटिबायोटिक नाही, छिद्रात ऑक्सिजन सोडून बॅक्टेरिया मारतं, आणि इतकी वर्षं वापरात असूनही बॅक्टेरियांनी त्याला दाद न दिल्याचं दिसलेलं नाही. वर छिद्राचं बूचही थोडं सैल करतं. क्लिंडामायसिन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड एकाच ट्यूबमध्ये मिळतं, किंवा सकाळी एक आणि रात्री एक असंही डॉक्टर देतात.

इथे एक फसगत होते ती सांगते. आपल्याकडे क्लिंडामायसिनसोबत निकोटिनामाइड असलेलं जेल फार चालतं, बॉक्सवर दोन नावं बघून लोकांना वाटतं की आपण दोन औषधं लावतोय म्हणजे झालं. निकोटिनामाइड वाईट नाही, लालसरपणाला बरं आहे, पण बॅक्टेरिया निर्ढावू नयेत यासाठी त्याचा उपयोग नाही. तुमच्या ट्यूबवर काय लिहिलंय ते बारीक अक्षरातलं वाचा, ब्रँडचं मोठं नाव नको, त्याच्याखालची ओळ.

बेंझॉइल पेरॉक्साइड सुरू करताना 2.5 टक्केवालंच मागा. 5 आणि 10 वालं जास्त स्ट्राँग म्हणून लवकर गुण येईल असं वाटतं, तसं होत नाही, फायदा जवळपास तेवढाच आणि चुरचुर, सालं निघणं मात्र जास्त. सुरुवातीला एक रात्र सोडून एक रात्र लावा, चेहरा सौम्य फेसवॉशने धुवून पूर्ण कोरडा झाल्यावर, ओल्या चेहऱ्यावर लावलं की जास्त झोंबतं. पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं पुरतं. आणि पुळी दिसली की तिच्यावर टिकली लावल्यासारखं लावू नका, जिथे जिथे येतात तो सगळा भाग पातळ लावायचा, कारण उद्याची पुळी आज दिसत नसते. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे, ओठांच्या कडा सोडून द्या. कोरडं पडलं तर साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर नको हे खरं नाही. फारच सोसत नसेल तर बेंझॉइल पेरॉक्साइडचं फेसवॉशही येतं, लावून दोनतीन मिनिटं ठेवायचं आणि धुवायचं.

आणि हो, ते कपड्यांचा रंग खातं! एकदा एक बाई मरून रंगाचा उशीचा अभ्रा घेऊन थेट काउंटरवर आल्या, त्यावर गालाच्या आकाराचा पिवळट केशरी डाग, "माझ्या पोरीला ॲसिड दिलंत का तुम्ही?" ॲसिड नव्हतं, पण अभ्रा गेला तो गेलाच, तो रंग परत येत नाही. पांढरा टॉवेल, पांढरा अभ्रा ठेवा आणि ओढणी गळ्यात घ्यायच्या आधी जेल वाळू द्या. ट्यूब उन्हात उभ्या गाडीत किंवा खिडकीत ठेवू नका, उष्णतेनं ते बिघडतं.

तिसरं नाव तुम्हाला ऐकू येईल ते ॲडापलीन, 0.1 टक्का, रात्री लावायचं. खरं सांगू, मुरुमांच्या मुळावर काम करणारं हेच आहे, बूच बसूच देत नाही. अँटिबायोटिक बंद केल्यावर पुढे महिनोन्महिने चालवायचं ते हे. पहिले दोनतीन आठवडे चेहरा कोरडा पडतो, कधी पुळ्या वाढल्यासारख्या वाटतात, तिथेच बरेच जण सोडतात आणि मला येऊन सांगतात की रिॲक्शन आली. दिवसा सनस्क्रीन लावा. पण प्रेग्नन्सी असेल किंवा तसा विचार चालू असेल तर ॲडापलीन आणि त्याच्याच गटातलं ट्रेटिनॉइन दोन्ही नको, डॉक्टरांना हे न विचारताही सांगा, कारण मेडिकलवाला हे विचारेलच याची खात्री नाही.

किती दिवस, तर साधारण 12 आठवड्यांचा हिशोब. फरक दिसायलाच सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून पंधरा दिवसांत ट्यूब बदलू नका, पण 12 आठवड्यांनी थांबून बघायचं, डॉक्टरला दाखवायचं. पुळ्या बसल्या असतील तर अँटिबायोटिक बंद करून बाकीचं चालू ठेवायचं. बसल्या नसतील तर तेच पुढे ओढण्यात अर्थ नाही. तुमचे चार महिने झालेत म्हणजे तो मुक्काम मागे गेला. आणि मागे राहिलेले काळे डाग हे काही मुरुम नव्हेत, आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर ते काही महिने राहतातच, त्या डागांसाठी अँटिबायोटिक लावत बसणारे खूप आहेत. डाग जायला वेळ, सनस्क्रीन आणि न फोडणं लागतं.

आता सोफ्रामायसिन. मराठी घरात देवघर आणि सोफ्रामायसिन नाही असं होत नाही, भाजलं, कापलं, खरचटलं की तेच. त्यात फ्रामायसेटिन असतं. ज्या गटातलं ते औषध आहे त्या गटाला बॅक्टेरियाच्या आत शिरायला ऑक्सिजन लागतो, आणि मुरुमाचा बॅक्टेरिया तर बंद छिद्रात ऑक्सिजनशिवाय मजेत राहणारा. म्हणजे नेम चुकलाच, वर मलम तेलकट, छिद्रं आणखी बुजतात. त्याच्याच नात्यातलं निओमायसिन, त्यानं तर बऱ्याच जणांना ॲलर्जीचं पुरळ उठतं.

तसंच मुरुमांना म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून ॲझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी घेऊ नका. वरून अँटिबायोटिक आणि पोटातूनही अँटिबायोटिक हे तर सोबत नकोच असं ते गाइडलाइनवालेही म्हणतात. क्लिंडामायसिनवर एरिथ्रोमायसिनचं जेलही लावू नका, दोघं बॅक्टेरियाच्या एकाच जागेवर जाऊन बसतात आणि एकमेकांना आडवे येतात.

मला सगळ्यात जास्त भीती मात्र अँटिबायोटिकची वाटत नाही, क्रीममध्ये लपून आलेल्या स्टेरॉइडची वाटते. घटकांमध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काही लिहिलंय का बघा. सोबत जेन्टामायसिनसारखं अँटिबायोटिक किंवा बुरशीवरचं औषध असलं तरी फसू नका, ती सगळं एकत्र घातलेली मलमं चेहऱ्यासाठी नाहीतच. दोन दिवसांत चेहरा गुळगुळीत आणि गोरा, म्हणून मैत्रिणी एकमेकींना सुचवतात. पुढे त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, उन्हात गेलं की आग होते, आणि एकसारख्या आकाराच्या पुळ्यांचं पीक येतं. हे इतकं वाढलं की 2018 मध्ये केंद्र सरकारनं स्टेरॉइडची बरीच मलमं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. कागदावर. असली ट्यूब महिनोन्महिने लावली असेल तर आपल्या मनानं झटक्यात सोडू नका, सोडली की चेहरा भडकतो आणि घाबरून माणूस परत तीच आणतो. स्किनवाल्या डॉक्टरांना खरं सांगून त्यांच्या हातानं सोडवा, ते ओरडतील, ओरडू द्या.

क्लिंडामायसिन त्वचेवर लावल्यानं अंगात फार कमी जातं, तरी दोन गोष्टी. ज्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन्स असा आतड्याचा आजार आहे किंवा आधी अँटिबायोटिकमुळे जोराचे जुलाब झालेत त्यांनी हे लावायचंच नाही. आणि बाकी कोणाला लावत असताना पाण्यासारखे सतत जुलाब किंवा रक्त पडलं तर जेल बंद आणि डॉक्टर, जुलाब थांबवायची गोळी घेऊन गप्प बसायचं नाही. असं क्वचित होतं पण होतं.

तुम्ही खाजेचं काही लिहिलेलं नाही. कपाळावर, छातीवर, पाठीवर एकाच मापाच्या बारीक पुळ्या आणि खाज सुटत असेल तर तो बहुतेक मुरुम नसतो, केसांच्या मुळाशी बुरशी असते. पावसाळ्यात, हेल्मेट घालून घामेजल्यावर जास्त. अँटिबायोटिकनं बॅक्टेरिया कमी झाले की बुरशीला रान मोकळं, त्यामुळे जेल लावून वाढणाऱ्या पुळ्यांमध्ये ही शंका घ्यायचीच. तुमच्या हनुवटीचं वेगळं, मुलींमध्ये जबड्याच्या कडेनं, पाळीच्या आधी येतात त्यात हार्मोनचा हात असतो. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील तर पीसीओएसची, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी लांबते त्या आजाराची, तपासणी करून घ्या, जेलनं तिथे पुरत नाही. आतून गाठीसारख्या दुखणाऱ्या असतील, खड्डे पडू लागले असतील तर माझं हे एवढं वाचण्यात वेळ न घालवता या आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या, खड्डे नंतर भरत नाहीत सहज. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकाम्या असल्या तरी. डॉक्टरांचं निम्मं काम तिथेच होतं.

राहता राहिला भाऊ. ट्यूब वेगळी करा, कारण निर्ढावलेले बॅक्टेरिया घरात एकमेकांच्या कातडीवर जातात आणि तुम्हाला न लागू पडणारं औषध त्यालाही लागू न पडण्याची शक्यता वाढते. त्याला नुसत्या काळ्या-पांढऱ्या टोकाच्या बारीक पुळ्या असतील तर अँटिबायोटिकची गरजच नाही, ॲडापलीनवर भागतं. फक्त त्याला एकदा बाजूला घेऊन विचारा की जिमला जातो का, आणि तिथलं कोणी प्रोटीन पावडर किंवा बॉडी बनवायचं हार्मोनचं इंजेक्शन देतंय का. पावडरनं काही जणांना पुळ्या वाढतात, पण इंजेक्शन चालू असेल तर खांद्यावर, पाठीवर मोठाले फोड दिसतील, आणि मग आधी ते बंद, मलमाचं नंतर बघू.