डबे शेवटी आणा

प्रश्न : ताई, बेडरूमच्या कोपऱ्यात एक टेबल आणि त्याच्यावर भिंतीला दोन फळ्या, एवढीच माझी क्राफ्टची जागा. कार्डं बनवते, क्रोशा करते, मधेच पॉलिमर क्लेचे, म्हणजे ओव्हनमधे भाजून कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या मातीचे, कानातले. सामान एवढं झालंय की टेबलावर हात ठेवायलाही जागा नाही, मग पलंगावर बसून काम करते. मागे डबे आणून सगळं छान लावलं होतं पण आठवड्यात परत जैसे थे. आता मोठं कप्प्यांचं स्टँड घ्यावं म्हणते, घेऊ का?

उत्तर : आत्ता नका घेऊ. स्टँड वाईट असतं म्हणून नाही, पण काय ठेवायचंय ते ठरायच्या आधी घेतलं की सामान त्या कप्प्यांच्या मापाने कोंबलं जातं आणि तुमच्या कामाचा विचार राहूनच जातो.

मागच्या वेळी तुम्ही बहुतेक सगळ्या कात्र्या एका डब्यात, सगळे गोंद दुसऱ्यात, सगळे मार्कर तिसऱ्यात असं लावलं असणार, बहुतेकजण तसंच लावतात. दिसायला ते फार सुंदर दिसतं, पण एक कार्ड करायचं तर पाच डबे उघडायचे आणि रात्री दमल्यावर परत पाच डब्यांत ठेवायचं, ते कोण करणार हो? तिथेच टेबलावर राहतं सगळं. म्हणून सामान वस्तूप्रमाणे न लावता कामाप्रमाणे लावा. कार्डाला बसल्यावर जे जे हाताला लागतं, म्हणजे पट्टी, कटर, डबल साइड टेप, गोंद, एक कात्री, ते सगळं एका ट्रेमधे. क्रोशाचं एका पिशवीत, क्लेचं एका डब्यात. काम बदललं की आधीचा ट्रे अख्खा उचलून फळीवर ठेवायचा आणि दुसरा खाली घ्यायचा, टेबल लगेच मोकळं. कात्र्या दोन-तीन लागतील तर लागू देत, तसंही लोकर-कापडाची कात्री कागदाला लावूच नये, धार जाते.

रोजच्या ट्रेला झाकण नको. झाकण काढा, लावा, एवढ्यानेसुद्धा माणूस कंटाळतो. लोकरीला मात्र झाकण हवंच, धूळ आणि कसर दोन्ही लागतात तिला. आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टी टेबलाजवळ कशाला, त्या खुशाल पलंगाखाली जाऊ देत.

क्लेचं जरा नीट सांगते कारण त्यात सामानाचं खरंच नुकसान होतं. पॉलिमर क्ले मऊ राहावा म्हणून त्यात प्लास्टिसायझर असतं, ते काही प्रकारच्या कडक पारदर्शक प्लास्टिकला खातं, डबा आतून चिकट होतो आणि क्ले त्याला धरून बसतो. डब्याच्या बुडाला त्रिकोणात प्लास्टिकचा प्रकार सांगणारा आकडा असतो तो बघा, 5 असेल तर चालेल, 6 असेल तर त्यात क्ले ठेवू नका. साध्या कागदातही गुंडाळू नका, कागद तो तेलकटपणा शोषून घेतो आणि क्ले कडक होतो. उन्हापासूनही लांब ठेवा, उष्णतेने तो पाकिटातच थोडा थोडा भाजल्यासारखा होतो.

दोन्हीकडे टोक असलेले मार्कर आडवे ठेवा, उभे ठेवले की शाई खालच्या टोकाकडे उतरते आणि वरचं टोक कोरडं पडतं. कागद सपाट ठेवा, एकेकटे उभे ठेवले तर वाकतात. आणि ट्रे घेण्याआधी प्लीज माप घ्या, ए-फोर कागद 21 बाय 29.7 सेंटिमीटर असतो पण स्क्रॅपबुकची 12 इंची शीट दोन्हीकडून साधारण 30.5 सेंटिमीटर भरते, ती ए-फोरच्या ट्रेमधे मावतच नाही, कोपरे दुमडतात.

हे गठ्ठे करून आठ-पंधरा दिवस जुन्या खोक्यांमधेच काम करून बघा, मग काय कमी पडतंय ते कळेल आणि स्टँड घ्यायचंच असेल तर त्या मापाचं घ्या.

प्रश्न : भरतकामाचे दोरे बॉबिनवर गुंडाळले पण आता कुठला नंबर कुठला तेच कळत नाही!

उत्तर : दोरा गुंडाळायच्या आधी बॉबिनवर नंबर लिहायचा, लडीवरची पट्टी निघाली की विषय संपला. आता जे झालंय त्यासाठी कंपनीचं शेड कार्ड, म्हणजे नंबरासकट रंगांचे नमुने असलेला तक्ता, मिळालं तर दिवसाच्या उजेडात एकेक दोरा त्याच्यावर धरून बघा, बल्बच्या पिवळ्या उजेडात नको, रंग फसवतात. लोकरीच्या गुंड्याचं लेबलही जपून ठेवा, त्यावर शेडसोबत डाय लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या घाण्याचा, नंबर असतो, शेड तीच पण लॉट वेगळा असला तर विणल्यावर पट्टा उठून दिसू शकतो.

प्रश्न : कागदाची कात्रणं टाकवत नाहीत, काय करू?

उत्तर : टाकू नका ना सगळी, माझाही जीव होत नाही. फक्त त्यांना एकच खोकं द्या, दुसरं नाही. ते भरलं की उपडं करायचं आणि तुमच्याकडच्या सगळ्यात लहान पंचपेक्षा (कागदातून फुलं-गोल असे आकार कापायचं साधन) लहान तुकडे काढून टाकायचे, त्यातून तसंही काही निघत नाही. उरलेले रंगाप्रमाणे पाकिटांत भरून कार्डाच्याच ट्रेमधे ठेवा, समोर दिसले तरच वापरले जातात.