ओले तळवे, कोरडा चट्टा

प्रश्न : मी मूळची नागपूरची, लग्नानंतर ठाण्याला आले. तिकडे पंचेचाळीस अंशांतही मला फारसा घाम यायचा नाही. इथे तेहतीसमध्येच ब्लाउज पाठीला चिकटतो. इथलं हवापाणी मानवत नाही, असं समजायचं का?

उत्तर : नागपुरातही तुम्हाला घाम येतच होता, बहुधा इथल्यापेक्षा जास्त. तो दिसायच्या आत वाळत होता, एवढंच. आपल्या कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. त्या पाणी आणि थोडं मीठ बाहेर टाकतात, पण अंग गार होतं ते त्या पाण्याची वाफ झाल्यावर. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हनुवटीवरून टपकलेला घाम जवळजवळ काहीच नेत नाही. ठाण्याची हवा आधीच ओलाव्यानं भरलेली, मग घाम जाणार कुठे? विदर्भात घर गार करणारा कूलर इथे नुसता दमटपणा वाढवतो, तोही याच कारणानं. इथे पंखा आणि सैल सुती कपडे हाच उपाय.

मला काळजी वाटते ती तुम्ही मे महिन्यात माहेरी जाल त्याची. तिथे अंगातलं पाणी कमी होतंय हे कळतच नाही. कोरड्या उन्हाशी जुळवून घ्यायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठही ग्रंथींची नळी परत शोषून वाचवायला शिकते. तोवर भर दुपारी बाहेर पडू नका. तहानेची वाट न बघता पाणी, ताक, पन्हं घेत राहा.

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. लिहिताना त्याचे तळहात इतके भिजतात की उत्तरपत्रिका ओली होते. झोपेत मात्र हात कोरडे असतात. त्याच्या आत्यालाही असंच होतं. हा भित्रेपणा आहे का?

उत्तर : नाही, आणि घरात कुणी तसं म्हणत असेल तर आधी ते थांबवा. तळहात-तळपायांवर घर्मग्रंथी सगळ्यात दाट असतात. त्यांना उन्हापेक्षा मनावरचा ताण जास्त चाळवतो. काही घराण्यांत ही तार जन्मतःच जास्त ताणलेली असते. दोन्ही हातांना सारखा घाम, लहान वयात सुरुवात, झोपेत कोरडे हात आणि घरात आणखी कुणाला तसाच त्रास : तुम्ही दिलेलं वर्णन याच विकाराचं आहे.

रात्री हात पूर्ण कोरडे करून अॅल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण लावायचं आणि सकाळी धुऊन टाकायचं, ही पहिली पायरी. तेवढ्यानं भागलं नाही, तर उथळ पाण्यात हात ठेवून सौम्य वीजप्रवाह देण्याचा उपचार आहे. त्याला पुन्हा पुन्हा बसावं लागतं, पण तळव्यांना त्याचा चांगला गुण येतो. बोटॉक्सची इंजेक्शनं काही महिने टिकतात, मात्र तळहातावर ती दुखतात. छातीतली नस कापण्याची शस्त्रक्रिया मी अगदी शेवटी ठेवीन. हात कोरडे होतात, पण पुष्कळांना मग पाठीपोटावर घाम फुटायला लागतो, आणि कापलेली नस मागे घेता येत नाही.

प्रश्न : माझा नातू सव्वा वर्षाचा आहे. त्याला घामोळं म्हणून कधी येत नाही, अंग नेहमी कोरडं. पण उन्हाळाभर ताप येत राहतो. दातही अजून आलेला नाही, जावळ विरळ आहे.

उत्तर : आजी, ही तीन लक्षणं एकत्र सांगितलीत हे फार बरं केलंत. घामोळं होतं ते घाम तयार होऊन वाटेत अडकल्यामुळे. इथे घाम मुळात तयारच होत नसावा अशी शंका येते. केस, दात आणि घर्मग्रंथी गर्भात एकाच थरातून घडतात, त्यामुळे एका जनुकातल्या बिघाडानं तिन्ही अपुरी राहू शकतात. चार्ल्स डार्विन यांनी सिंधमधल्या अशाच एका कुटुंबाची नोंद केली आहे. त्यातल्या चार पिढ्यांमधल्या दहा पुरुषांना मोजकेच दात होते, अंगावर केस कमी होते आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हाल व्हायचे. मुलींत एकही उदाहरण नव्हतं.

बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. तोवर ताप वाटला की आधी ओल्या फडक्यानं अंग पुसा, वारा घाला, त्याला सावलीत ठेवा. कुंची-स्वेटर नको.

प्रश्न : वडील इन्सुलिन घेतात. जेवायला उशीर झाला की त्यांना दरदरून गार घाम फुटतो.

उत्तर : बहुतेक साखर उतरते आहे. लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. एरवी डोसबद्दल याच आठवड्यात डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यात शेती करतो. रोवणीच्या वेळी सगळं अंग घामानं भिजतं, पण दंडावरचा एक फिका चट्टा कोरडाच राहतो. तो खाजत नाही, दुखतही नाही. म्हणून दोन वर्षं लक्ष दिलं नाही.

उत्तर : दुखत नाही, हीच काळजीची गोष्ट आहे. घर्मग्रंथी नसांच्या हुकमावर चालतात. कुष्ठरोगाचा जंतू त्वचेतल्या बारीक नसांत शिरतो. मग त्या जागेची संवेदना जाते, घाम थांबतो, लव झडते. गजकर्ण खाजतं, कोडाच्या डागावर स्पर्श नीट कळतो. डोळे मिटून बसा आणि घरच्या माणसाला कापसाचं टोक चट्ट्याला आणि मग शेजारच्या कातडीला लावायला सांगा. फरक जाणवला तर उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. नाही जाणवला तरी चट्टा दाखवाच.

कुष्ठरोग निघालाच, तर तो पूर्ण बरा होतो. तीन औषधांचा उपचार सरकारी केंद्रात मोफत मिळतो, चट्टे कमी असतील तर सहा महिने, जास्त असतील तर वर्षभर. औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागण होण्याचा धोका झपाट्यानं उतरतो. ताट-अंथरूण वेगळं करू नका, कुणाला करू देऊ नका. जाताना घरातल्या सगळ्यांना सोबत न्या, त्यांचीही कातडी एकदा तपासून होईल.