तिसऱ्या रूपाचा सराव वाक्यातूनच करावा

इंग्रजी क्रियापदांची तिन्ही रूपे (जसे ‘गो, वेंट, गॉन’) तक्त्यावरून पाठ करण्यात नवशिक्याचा बराच वेळ जातो. माझ्या मते तिसरे रूप नेहमी साहाय्यक क्रियापदासह, पूर्ण वाक्यातच आत्मसात करावे. ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ यांच्यामागून ते आले की घडलेल्या क्रियेचा आताशी संबंध उरतो. म्हणूनच ‘शी हॅज गॉन टू म्हापसा’ म्हटल्यास ती तेथील शुक्रवारच्या बाजाराहून अजून परतलेली नाही असे कळते, तर ‘शी हॅज बीन टू म्हापसा’ म्हणजे ती तेथे जाऊन आलेली आहे. मात्र ‘यस्टरडे’सारखा संपलेला काळ वाक्यात असेल, तर ‘आय हॅव सीन’ चालत नाही. तेथे ‘आय सॉ’ हेच योग्य. (मराठीत ‘मी तो काल पाहिला आहे’ हे खपून जाते, त्यामुळे ही चूक आपल्याकडे फार आढळते.)

‘बी’च्या रूपांसोबत तेच रूप कर्मणी अर्थ देते, जसे ‘द फेरी टू बेती इज कॅन्सल्ड’. ‘आय हॅड माय स्कूटर रिपेअर्ड’ या रचनेत काम दुसऱ्याकडून करवून घेतलेले असते. शब्दक्रम बदलून ‘आय हॅड रिपेअर्ड माय स्कूटर’ म्हटले, तर दुरुस्ती तुम्ही स्वतः केली होती असा अर्थ होईल.