अंगकोरवाटसाठी मुदत ठेव मोडावी का?

फोंड्याच्या एका वाचक भगिनींचा प्रश्न: यजमान 62 वर्षांचे, निवृत्त शिक्षक. घरखर्च पेन्शनवर भागतो. बचत खात्यात 1 लाख 10 हजार आहेत. 5 लाखांची मुदत ठेव 7 टक्क्यांनी 30 महिन्यांसाठी ठेवली होती, ती फेब्रुवारीत पिकेल. जानेवारीत दोघांना कंबोडियाला अंगकोरवाट मंदिर पाहायला जायचे आहे. टूरवाला दोघांचे 3 लाख 70 हजार सांगतो आणि 12 महिन्यांचे 'नो कॉस्ट' हप्तेही देतो. ठेव मोडावी की हप्ते घ्यावेत?

ताई, जरूर जा. ठेव मोडू नका आणि हप्तेही घेऊ नका.

ठेवीचे 25 महिने झाले आहेत. आता मोडलीत तर बहुतेक बँका व्याजदरातून 1 टक्क्यापर्यंत दंड कापतात, आणि तो सरलेल्या सगळ्या काळावर लागतो. 5 लाखांवर 10 हजारांहून जास्त गेले. त्याऐवजी त्याच बँकेत ठेव तारण ठेवून ओव्हरड्राफ्ट घ्या. ठेवीच्या 90 टक्क्यांपर्यंत मर्यादा मिळते, दर ठेवीपेक्षा 1 ते 2 टक्के जास्त असतो आणि व्याज उचललेल्या रकमेवरच लागते. सहल स्वतः आखलीत तर ती 2 लाखांत होते, हिशेब खाली दिला आहे. आता तिकिटांसाठी 1 लाख आणि जानेवारीत आणखी 1 लाख उचललेत, तर 8 टक्क्यांनी फेब्रुवारीपर्यंत सुमारे 4,000 रुपये व्याज होईल. तेवढ्याच रकमेवर ठेव तुम्हाला 3,500 देत राहील. म्हणजे खरा खर्च 500 रुपयांच्या आसपास. (कर वाचवणारी 5 वर्षांची ठेव असती तर ती तारण ठेवता आली नसती.) बचत खात्यातले पैसे दुखण्याखुपण्यासाठी आहेत, त्यांना हात लावू नका.

'नो कॉस्ट'मध्ये व्याज बहुधा किमतीतच मिसळलेले असते, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावर 18 टक्के जीएसटी. रोख भरल्यास किती, हे टूरवाल्याकडून लेखी घ्या, फरक लगेच दिसेल. परदेशी पॅकेजवर टीसीएसही, म्हणजे टूरवाल्याने आगाऊ गोळा करायचा प्राप्तिकर, लागतो. 2025-26 मध्ये त्याचा दर 5 टक्के होता, त्या दराने तो 18,500 होतो. तो रिटर्न भरून परत मिळतो, पण तोवर अडकतो. हा दर अर्थसंकल्पात बदलू शकतो, म्हणून कोटेशनवर तो वेगळा लिहून मागा आणि जो रिटर्न भरतो त्याच्याच पॅनवर पैसे भरा. नुसते विमान तिकीट काढले तर टीसीएस नाही.

स्वतः आखलीत तर डॉलर 90 रुपये धरून माझा अंदाज असा: तिकिटे 1 लाख, सहा रात्री हॉटेल 24,000, जेवणखाण 19,000, टुकटुक आणि परवानाधारक गाइड 15,000, व्हिसा 5,400, विमा 4,000. अंगकोरच्या मंदिर-परिसराचा तीन दिवसांचा पास माणशी 62 डॉलर, दोघांचे 11,160 रुपये. एक दिवसाचा 37 डॉलर आहे, पण एका दिवसात अंगकोरवाट, बायोन आणि ता प्रोम ही मंदिरे धावतच होतात. तीन दिवसांचा पास 10 दिवसांत कधीही वापरता येतो, मध्ये विश्रांती घेता येते. पासवर फोटो असतो, त्यामुळे दुसऱ्याचा उरलेला पास विकत घेऊ नका. सगळे मिळून 1 लाख 80 हजार, अडीअडचणीसाठी 20 हजार धरून 2 लाख.

अंगकोरवाट 12 व्या शतकात सूर्यवर्मन दुसरा याने विष्णूसाठी उभारले. आपले गोव्यातले तांबडी सुर्लचे महादेव मंदिरही साधारण त्याच काळातले, त्यामुळे हे पाहायची तुमची ओढ मला पटते. वरच्या गाभाऱ्याचा जिना फार उभा आहे, गुडघे-खांदे झाकलेले लागतात आणि बौद्धांच्या पवित्र दिवशी तो भाग बंद असतो. यजमानांचे गुडघे दुखत असतील तर खालची शिल्पे पाहण्यातच दिवस घाला.

बँकॉकहून रस्त्याने जायचा स्वस्त बेत आखू नका. 2025 मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर लढाई होऊन नाके बंद झाले, आणि युद्धामुळे झालेले नुकसान प्रवास विमा सहसा भरत नाही. गोव्याच्या मोपा विमानतळापासून अंगकोरजवळच्या सिएम रीप शहरापर्यंत एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, तिकीट काढा. वेगवेगळी काढलीत आणि पहिले विमान उशिरा पोहोचले तर पुढचे तिकीट बुडते. परतीचे विमान मोपाला उतरते की गोव्याच्याच दाबोळी विमानतळावर, हेही पाहून ठेवा. डॉलरच्या नोटा फाटक्या-मळक्या नकोत, तिथे घेत नाहीत. विम्याच्या फॉर्मवर रक्तदाब, साखर जे असेल ते लिहा, लपवलेत तर दावा नाकारतात.